सहाशे कमळं

जांभळ्या कागदाचा एक कोपरा कापडाच्या गाठीखालून बाहेर डोकावत होता आणि कितीही आत सारला तरी पुन्हा येत होता... जेमतेम दोन बोटं कागद, पण त्या दोन बोटांत नाकानिशी मिठाईवाल्यांचा पांढरा सारस अर्धा दिसत होता, आणि या गावात अर्धा सारस पुरेसा होता. इकुयो पुलाच्या कठड्याशी थांबली. नदीकडे बघत असल्यासारखं करून तिनं पुडकं फिरवून घेतलं – सारस पोटाकडे, गाठ बाहेर – आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, आजेसासऱ्यांनी काढलेल्या मिठाईच्या दुकानाची मालकीण, आणि भर दुपारी पुलावर उभी राहून दुसऱ्या मिठाईवाल्याचा कागद लपवते आहे.

आतली योकानची – लाल चवळीच्या गोड, घट्ट वडीची – लादी चांगली जड होती. माफी मागायला जाताना जडच न्यावं. हलकं, भुरभुरीत काही नेलं की माफीही तशीच वाटते – हे तिनंच गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगितलं होतं, गल्ल्यामागून, थोडं शहाणपण मिरवत. कुणाच्या मुलानं शेजाऱ्याची गाडी ठोकलेली असायची, कुणी कचेरीत घोळ घातलेला असायचा, माणसं खाली मान घालून आत यायची आणि ती लादी बांधून द्यायची. आज तिला स्वतःला न्यायची होती, आणि आपल्या दुकानातली नेणं शक्य नव्हतं, कारण माफी आपल्याच मिठाईची मागायची होती. ज्या हातानं मारलं त्याच हातानं मलम लावायला जावं, तसं झालं असतं ते.

म्हणून मग नाकानिशी. दार सरकवलं तेव्हाच नाकानिशीबाईंच्या भुवया वर गेल्या होत्या आणि लगेच, धंद्यात मुरलेल्या बाईच्या जातात तशा, खाली आल्या होत्या.

"या या, इकुयोवहिनी. आज इकडे वाट चुकलात?"

"एक योकान द्या. मोठं."

"देते की. वर पट्टी कुठली लावू? शुभाची, की दुःखाची?"

हा प्रश्न मिठाईवाला प्रत्येकाला विचारतोच. इकुयोनंही लाखभर वेळा विचारला असेल – शुभाला एक गाठ, दुःखाला दुसरी, आणि यात चूक झाली तर माणसं पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत – आणि आज तो तिलाच विचारला जात होता.

"कुठलीच नको," ती म्हणाली. "नुसता कागद."

नाकानिशीबाईंचा हात क्षणभर थांबला. मोठी लादी, पट्टी नाही, नुसता कागद – यापुढे आणखी काय सांगायचं राहतं? पण त्या "थंडी काय एकदम पडली, नाही?" एवढंच म्हणाल्या, आणि समोरची लादी परत ठेवून मागच्या खणातली, त्या दिवशीची ताजी, काढून बांधली. तो ताजेपणा... त्यांनी टोमणा मारला असता तर इकुयोनं दोन तसेच परत केले असते आणि मोकळी झाली असती. ताजी लादी देऊन त्या बाईनं तिला पार भुईसपाट केलं.

पूल संपला. इथून डावीकडे वळलं की भाताच्या गिरणीची गल्ली, आणि गल्लीच्या शेवटी तोगाशी आजींचं घर. उद्या सकाळच्या गाडीनं आजी मुलाकडे टोकियोला चालल्या होत्या, कायमच्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं माणूस एकदा गेलं की गेलं. आज आपण गेलो नाही तर पुन्हा कधीच नाही. जायला हवं हे तिला गेले पाच आठवडे माहीत होतं आणि पाचही आठवडे काही ना काही निघत होतं – आज पाऊस, आज दुकानात गर्दी, आज आजी झोपल्या असतील. ओठांवर आलेलं वाक्य गिळायची सवय एकदा लागली की ते पचतंही, असं तिला वाटलं होतं. पचलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं...

टोकियोतली एक कंपनी दर महिन्याला गावोगावच्या छोट्या दुकानांतला जुन्या पद्धतीचा खाऊ एका खोक्यात भरते आणि वर्गणीदारांना घरपोच पाठवते. वर्गणीदार सगळे परदेशातले. ओरिहारा नावाची तिथली मुलगी फोनवर फार लाघवी बोलायची. "काकू, ऑक्टोबरच्या खोक्यात तुमच्याकडचं काहीतरी हवंच. छोटं, सुकं, दिसायला गोड. आणि हो, टिकलं पाहिजे." छोटं, सुकं, टिकणारं – आणि इकुयोच्या डोळ्यांपुढे माडीवरचे अकरा पत्र्याचे डबे उभे राहिले.

डब्यांत कमळं होती. तांदळाचं पीठ आणि साखर लाकडी साच्यात दाबून केलेली राकुगानची फुलं, फिकट गुलाबी, कडेला हिरवं पान. ही फुलं दुकानात फक्त ऑगस्टात व्हायची, पितर घरी येतात त्या ओबोनच्या दिवसांत, त्यांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायला. नाहीतर कुणी गेलं तर. जिवंत माणसाच्या हातावर ते फूल कुणी ठेवत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दरवर्षी देऊळ सहाशे कमळं न्यायचं. यंदा भटजी स्वतः दाराशी येऊन, चारचारदा वाकून सांगून गेले की गावात घरं उरली नाहीत, यंदापासून नकोत. पण तोवर शिगेहारूनं, तिच्या नवऱ्यानं, जुलैतच सहाशे करून वाळवून ठेवली होती, कुणी सांगायची वाट न बघता, जशी त्याचे वडील करायचे. त्यानं ऐकलं, "बरं" म्हणाला आणि डबे माडीवर नेऊन ठेवले. त्यानंतर तो माडीवर जायचा बंद झाला. झोपायचं अंथरूणही खाली आणलं, म्हणे गुडघे दुखतात... गुडघे नव्हते दुखत. इकुयोला – मला – ते बघवत नव्हतं. मला फक्त ते डबे त्याच्या डोक्यावरून काढायचे होते, दुसरं काही नव्हतं माझ्या मनात – निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

"कुठलं फूल हे, काकू? कमळ?"

"हो. पाण्यातलं."

"किती सुंदर. खोक्यातल्या पत्रकात काय लिहू? कधी करतात हे?"

तिथे एक श्वास गेला होता. फोनमध्ये टोकियोच्या कचेरीतला कसलासा यंत्राचा आवाज येत होता. त्या एका श्वासात सगळं सांगून टाकता आलं असतं – पोरी, हे मेलेल्यांचं आहे, तुला दुसरं करून देते – मोमिजीच्या, शरदात लाल होणाऱ्या पानाचा साचा होता, चंद्राचा होता, शिगेहारूनं आठ दिवसांत करून दिलं असतं, कदाचित आनंदानं.

"सणासुदीला," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. ओबोन हा सण नाही असं कोण म्हणेल? पत्रकात तसंच छापून आलं, सुबक अक्षरांत, आणि ओरिहारानं नंतर कौतुकानं सांगितलं की कितीतरी देशांत कमळ शुभच असतं, देवीच्या हातात असतं म्हणे. हे वाक्य इकुयोनं जपून ठेवलं, अडीअडचणीला काढायला. पण 'सणासुदीला' म्हणताना ते माझ्याजवळ कुठे होतं? ते तर नंतर मिळालं.

डबे न्यायला गाडी आली त्या दिवशी शिगेहारू भट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुठे चालली?"

"परदेशात. खाऊच्या खोक्यातून."

"ही? खायला?"

"अहो, त्यांना काय कळतंय," ती म्हणाली होती, चिकटपट्टी दातांनी तोडता तोडता.

डोक्याचं फडकं सोडून त्यानं पुन्हा बांधलं आणि आत गेला. माडीवर मात्र त्यानंतरही गेला नाही, आणि मग कशासाठी केलं मी हे सगळं, असा विचार तिच्या मनात यायचा आणि ती गल्ला पुसायला लागायची.

कंपनीनं त्याच महिन्यापासून देशातले वर्गणीदारही घ्यायला सुरुवात केली होती, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नव्हतं. तोगाशी आजींच्या मासातोनं, टोकियोतल्या मुलानं, आईच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला तिच्या नावानं वर्षभराची वर्गणी भरली. अठ्ठ्याऐंशी म्हणजे तांदळाचं वर्ष, मोठा मान. सोनेरी रंगाचं जाकीट घालून फोटो काढतात. त्या दिवशी पहिला खोका आला. आणि त्यात, पातळ कागदात गुंडाळलेली, दोन कमळं.

कुणाची, हे आजींना ओळखायला काय वेळ लागणार होता? त्या साच्याला तिसऱ्या पाकळीच्या टोकाशी टवका होता, त्यामुळे प्रत्येक फुलावर तिथे साखरेचा मोहरीएवढा दाणा उठायचा. टवका इकुयोनंच पाडला होता, लग्नाला तीन महिने झाले असताना, धुताना हातातून सटकून... साचा सासऱ्यांच्या वडिलांनी कोरून घेतलेला. सासरे न बोलता तोच साचा वापरत राहिले, आणि त्या ऑगस्टात गावातल्या प्रत्येक देव्हाऱ्यापुढे इकुयोची चूक मांडून ठेवलेली होती. ती गल्ल्यामागे मेल्याहून मेल्यासारखी उभी असायची. तेव्हा तोगाशीबाई – तेव्हा आजी नव्हत्या, पन्नाशीच्या होत्या, आवाज खणखणीत – सासऱ्यांच्या देखत, दहा गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाल्या, "यंदा फुलाला तीळ आलाय की. गोड दिसतो हो. नव्या सूनबाईंसारखा." सगळे हसले, सासरेसुद्धा. इकुयोच्या ओठाजवळ खरोखरच तीळ होता. त्या दिवसापासून गावानं त्या दाण्याला तीळच म्हटलं, आणि ती या गावची झाली.

त्या बाईला मी मेलेल्यांचं फूल पाठवलं. तिच्या मानाच्या वाढदिवसाला.

वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी आजी दुकानात आल्या होत्या, नेहमीसारख्या दोन मांजू, गोड सारणाचे उकडलेले गोळे, घ्यायला – एक नवऱ्याच्या देव्हाऱ्यापुढे, एक स्वतःला. काठी गल्ल्याला टेकवून म्हणाल्या, "तीळ ओळखला बरं का मी. आपल्या गावचं फूल, टोकियो फिरून माझ्याकडे आलं. फार छान बांधलं होतं." डोळ्यांत राग नव्हता. वाट बघणं होतं, आता कळतं. आणि इकुयो – मी – काय म्हणाले? "हो का?" म्हणाले. नवल वाटल्यासारखं. आणि मांजू बांधायला वळले. आजींनी पैसे ठेवले, आणि जाताना वाकल्या त्या नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त वाकल्या, परक्या दुकानात वाकतात तशा. नंतर त्या आल्या नाहीत. शिव्या खाऊन माणूस घरी जेवतो तरी. त्या दोन बोटांनी इकुयोचं जेवण उडालं होतं.

तोगाशी आजींच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत बांधलेली खोकी, दोरीच्या गुंड्या, भिंतीवर चित्रांच्या जागी पांढरे चौकोन. मासातो नगरपालिकेत कागद करायला गेला होता. आजी ओसरीवर उशीवर बसल्या होत्या, अंगावर दोन स्वेटर, हातात थर्मासचं झाकण.

"कोण? इकुयो होय? ये गं. कप सगळे बांधले बघ त्या मुलानं, त्याला एवढी घाई. चहा झाकणातून प्यावा लागेल."

तिनं चहा घेतला नाही. चटईवर गुडघे टेकून बसली, कापडाची गाठ सोडली, जांभळं पुडकं पुढे सरकवलं, दोन्ही तळवे खाली टेकले आणि कपाळ त्यांच्यामध्ये. चटईला जुन्या गवताचा वास येत होता. वाटेत जुळवलेली वाक्यं – आमच्या हातून अनवधानानं, आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल – एकही आलं नाही.

"आजी, ते कमळ... मला माहीत होतं. कशाचं आहे ते माहीत असून दिलं मी. उरलेलं होतं. आणि तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी..."

वर कागद खसखसला.

"नाकानिशीचा कागद का गं हा?"

"हो."

"त्यांच्या दुकानात गेलीस तू? स्वतःच्या पायांनी?" आजी हसायला लागल्या, हसता हसता खोकल्या. "मग तर शिक्षा भोगूनच आलीस की. ऊठ. कंबर धरेल. मला उठवता येणार नाही तुला."

ती उठून बसली. नाक वाहत होतं. आजींनी बांधायच्या कागदातला एक तुकडा फाडून दिला.

"मासातोला काही कळलं नाही," आजी म्हणाल्या. "त्याला कुठलं माहीत असायला, अठराव्या वर्षी गेलेला. फोनवर विचारतोय, आई, खोका आवडला का? म्हटलं, आवडला बाबा. एक ह्यांच्यापुढे ठेवलं. दुसरं आपल्यापुढे ठेवलं आणि बसले बघत. म्हटलं, तोगाशीबाई, बोलावणं आलं, तेही टपालानं." झाकणातला चहा त्यांनी संपवला. "मग खाल्लं. जरा जुनं झालं होतं."

सगळ्यांत हेच लागलं इकुयोला. तिनं पुन्हा वाकायला हात टेकले, पण आजींनी काठीनं तिचा हात हलकेच बाजूला केला.

"पुरे. फुलाचं मला काही नाही. या वयात कुठलं फूल आलं काय. 'हो का' म्हणालीस ना, त्याचं वाईट वाटलं. दोन दिवस मी तुझ्याशी भांडत होते इथे बसून, एकटीच. आता आलीस, बोललीस, झालं. उद्या जायचंय, ते ओझं कशाला नेऊ टोकियोला. आधीच त्याचं घर एवढंसं."

इकुयोला आपण मोठ्यानं रडू असं वाटलं. रडली नाही. बाहेर झाडाला पर्सिमॉनची केशरी फळं लगडलेली होती, कुणी तोडली नव्हती, आणि ती इतका वेळ तिथे होती हे तिला आता दिसलं. तिनं झाकणातून चहा घेतला. गोड लागला.

आजींनी योकानचं पुडकं दोन्ही हातांत घेऊन वजन पाहिलं. "चांगलं जड आणलंस. माणसाला बरं वाटतं जड पाहून." मग सहज विचारावं तसं, "किती होती गं फुलं?"

"सहाशे."

"म्हणजे घरटी दोन धरली तर तीनशे घरं." हिशेबात आजी अजून पक्क्या होत्या. "त्यातलं एक झालं. बाकीच्यांकडे कुठला खोका घेऊन जाशील?"

टोमणा नव्हता तो. उद्या स्टेशनवर कशी जाशील, चालत की बसनं, असं विचारावं तितकं साधं होतं. इकुयोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि उत्तर तयारच होतं, जिभेवर होतं – त्यांना काय... तेवढ्यात अंगणात मासातोच्या बुटांचा आवाज झाला. त्यानं वाकून नमस्कार केला, आईला इतकी वर्षं गोडधोड पुरवल्याबद्दल आभार मानले, फार वाकला बिचारा. आजी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "इकुयोनं योकान आणलंय. गाडीत खाऊ." बस्स एवढंच.

गल्लीत आल्यावर पहिली काही पावलं तिला खरंच हलकं वाटत होतं. माफी मिळाली होती, मिळावी तशी, हसून, खोकून. आता शिगेहारूलाही सांगता येईल, आता नाकानिशीबाईंपुढेही मान वर करता येईल... आणि गिरणीपाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की या पाच आठवड्यांत, त्या दोनशे नव्व्याण्णव घरांपैकी एकही घर, एकदाही, तिच्या मनात आलं नव्हतं. तिला देशांची नावंसुद्धा माहीत नव्हती. कुणीतरी बाई टेबलाशी बसून पातळ कागद उलगडत असेल, पोरांना हाक मारत असेल, या रे, बघा, सणासुदीचं आहे, पत्रकात लिहिलंय. पोरगं तिळावर जीभ लावून बघत असेल. अर्धं धाकटीला देत असेल. ती माणसं खूश झाली असतील – याच्यावर काय करायचं? त्यांच्यापैकी कुणी गल्ल्यापाशी येऊन दोन बोटं जास्त वाकणार नाही. कुणी हसून ऊठ म्हणणार नाही. माफ करायला तिथे कुणी नाहीच, कारण फसलो हेच कुणाला माहीत नाही, आणि मी त्यांना तसं ठेवलं. आजींना कळलं नसतं तर? तर आज मी दुकानात असते. मांजू बांधत असते. चांगली जेवले असते.

ओरिहाराला सांगावं का? काय सांगावं? ती पोरगी म्हणेल, काकू, पण सगळ्यांना आवडलंय... आणि ते खरं असेल.

गिरणी बंद होती. पुढे-मागे गल्लीत माणूस नव्हतं, खिडक्यांना पडदे होते, रस्त्याच्या टोकापर्यंत बघणारं कुणी नव्हतं. इकुयो तिथे थंडीत उभी होती आणि तिचे कान तापून लाल झाले होते.